ठाणे-नवी मुंबईतून घाटाकडे सायकलवर: आधी वेळ ठरवा, मग रस्ता

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या सायकलस्वाराला डोंगर शोधत फिरावं लागत नाही. ठाण्याला येऊर लागूनच आहे, बेलापूरच्या मागे पारसिकची रांग आहे, खारघरच्या इमारती संपतात तिथे चढ सुरू होतो. पहाटे निघालात तर दुपारच्या आत बोरघाट, कसारा घाट किंवा अलिबागचा किनारा यांपैकी काहीही गाठता येतं. समुद्र आणि सह्याद्री एकाच सकाळी सायकलवरून बघता येतील अशी शहरं फार नाहीत.

तरीही नवीन गिअरची सायकल घेतलेले बरेच जण पाम बीच रोडच्या पुढे जात नाहीत, किंवा एकदाच जातात आणि घाबरून परततात. चढ जमत नाही हे त्याचं कारण नसतं. चढायची ताकद दोन-तीन महिन्यांच्या नियमित सरावाने कुणालाही येते. खरी कसोटी लागते ती घाटाच्या पायथ्याशी सुखरूप पोचताना आणि थकल्यावर तिथून परत येताना. कंटेनर, ऊन, समोरचा वारा आणि परतीची न केलेली सोय या चार गोष्टी राइड बिघडवतात, आणि चारही वेळेशी बांधलेल्या आहेत. म्हणून या लेखातली पहिली पायरी नकाशाची नसून घड्याळाची आहे.

पहिली पायरी: निघण्याची आणि परतण्याची वेळ

शहरात गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते. बंदीचे तास वाहतूक पोलीस वेळोवेळी बदलतात, त्यामुळे चालू अधिसूचना बघून घ्या. या बंदीचा सायकलवर होणारा परिणाम मात्र बदलत नाही. बंदी लागायच्या आधी शहर ओलांडायला निघालेले कंटेनर शेवटच्या तासात सर्वांत घाईत असतात. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा-खारेगाव, कळंबोली आणि उरणचा बंदराकडचा रस्ता या ठिकाणी त्या तासात सायकल असू नये. एक तर त्याच्या बरंच आधी दिवे लावून निघून जा, नाहीतर उजाडल्यावर निघा. रविवारची पहाट त्यातल्या त्यात सर्वांत मोकळी.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, ते सायकलवर अंगाला कळतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पण तो मंद असतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि ते चांगलेच जोरकस असतात. कसारा, मुरबाड, खोपोली हे सगळं आपल्या पूर्वेला आहे. म्हणजे घाट करून दमलेले पाय घेऊन घरी येताना वारा समोरून, ऊन डोक्यावर आणि रस्त्यावर गर्दी. सकाळी ताशी २२ किलोमीटरने कापलेला सपाट रस्ता दुपारी १७-१८ ने कापताना दम लागतो, तो याच्यामुळे.

आता गणित उलटं मांडा. घरी किती वाजता पोचायचं ते आधी लिहा, समजा दुपारी एक. तिथून मागे मोजत या. परतीच्या सपाटीला ताशी १८, जाताना २०, घाटात चढताना ८ ते १०, आणि पंक्चर, चहा, फोटो यांसाठी दर ५० किलोमीटरमागे अर्धा तास. जी वेळ येईल ती निघण्याची. ती पहाटे साडेतीनची आली तर राइड छोटी करा किंवा परतीला रेल्वे धरा. रात्रीची झोप कापून घाटात जाऊ नये, विशेषतः उतारासाठी.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास उगवतो, मे अखेरीस सहाच्या सुमारास. हिवाळ्यात पाचला निघालात तर दोन तास अंधारात चालवायचं आहे हे लक्षात असू द्या. मागचा लाल दिवा, तोही शक्यतो दोन, आणि चकाकणारं जॅकेट यांशिवाय महामार्गावर चाक टाकू नका.

दुसरी पायरी: घाटासाठी सायकल तयार करणं

सायकल महाग हवी असं मुळीच नाही. दोन गोष्टी बघा. मागच्या कॅसेटवरची, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या दातेरी चकत्यांच्या संचातली, सर्वांत मोठी चकती ३२ किंवा ३४ दात्यांची असावी आणि पुढे पेडलजवळ ५०-३४ दात्यांची कॉम्पॅक्ट क्रँक असावी. जुन्या रेसिंग सायकलींवर ५३-३९ आणि मागे २५ दाते दिसतात. ती जोडी सपाटीवर वाऱ्यासारखी पळते, पण खारघरच्या चढावर गुडघे दुखवते. दुसरी गोष्ट टायरची. आपल्या रस्त्यांना २८ मिलिमीटरपेक्षा बारीक टायर नको, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ घ्या. खड्डे, पुलांवरचे सांधे आणि पावसाने सोललेलं डांबर यांवर रुंद टायर सुरक्षित तर असतोच, वेगातही फारसा मागे पडत नाही.

सोबत दोन ट्यूब, पॅचचं पाकीट, टायर लिव्हर, पंप, अ‍ॅलन कीचा मल्टिटूल आणि एक छोटा चिमटा ठेवा. चिमटा एवढ्यासाठी की ट्रकचे टायर फुटले की त्यांतल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे महामार्गाच्या कडेला पडून राहतात. आपली बरीचशी पंक्चर त्या तारांमुळे होतात. तार बोटांनी निघत नाही, आणि ती न काढता नवीन ट्यूब घातली की पाच मिनिटांत तीही जाते. ट्यूब बदलल्यावर टायरच्या आतून कापड हळूच फिरवा, तार कुठे रुतली आहे ते कापड अडकून सांगतं.

तिसरी पायरी: घराजवळच्या चढांवर दोन महिने

नवी मुंबईकरांची शाळा पाम बीच रोडवर भरते. वाशी ते बेलापूर साधारण १० किलोमीटरचा हा सहापदरी रस्ता, एका बाजूला खारफुटी, हिवाळ्यापासून पुढे टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला फ्लेमिंगो. रस्ता सपाट असल्याने लय शिकायला उत्तम. पेडलचे फेरे मिनिटाला ८० ते ९० ठेवायची सवय इथेच लावा, कारण घाटात जड गिअर रेटत बसणारा लवकर संपतो. इथला धोका म्हणजे पहाटे रिकामा रस्ता बघून सुसाट येणाऱ्या मोटारी. चौकांच्या उड्डाणपुलांवर चढताना आणि उतरताना डावी कडा सोडू नका. जोडीजोडीने गप्पा मारत चालवण्याची जागा ही नव्हे.

यानंतर पारसिक हिल. बेलापूरमधून वर जाणारा हा चढ छोटा पण उभा आहे आणि वर घरं असल्याने वर्दळ बेताची असते. एका सकाळी एकदा चढा, पुढच्या आठवड्यात दोनदा, असं वाढवत न्या. खारघर हिल त्याहून लांब. तो रस्ता डोंगरावरच्या चाफेवाडी, फणसवाडी या आदिवासी पाड्यांकडे जातो. पावसाळ्यात पांडवकडा आणि आसपासचे धबधबे बघायला येणाऱ्यांवर दर वर्षी निर्बंध येतात, तेव्हा हा डोंगर सोडून द्या. एरवीही वर पाडे आहेत, लोक राहतात, हे लक्षात ठेवून आवाज आणि कचरा दोन्ही करू नका.

ठाणेकरांना उपवन तलावापासून येऊर. वनखात्याच्या नाक्यातून आत गेलं की वळणावळणाचा चढ आणि दोन्ही बाजूंना झाडी. ठाण्यात राहण्याचं सर्वांत मोठं सुख कोणतं असं विचारलं तर माझं उत्तर हा रस्ता असेल. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, इथे बिबट्यांचा वावर आहे. म्हणून अंधार असताना जाऊ नका, पुरतं उजाडू द्या. स्पीकरवर गाणी लावून चढणाऱ्यांना थांबवून समजावून सांगायला मला संकोच वाटत नाही, तुम्हीही सांगा.

घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटातून फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत जाण्याचा सल्ला जुने सायकलवाले देतात. खाडीकाठचा तो रस्ता एकेकाळी छान होता, पण आज मेट्रोची कामं, खड्डे आणि कंटेनर बघता मी तो कुणाला सुचवत नाही. मुंब्रा बायपासही नाही.

मोठे घाट तुलनेने सौम्य असतात, हे नवख्यांना खरं वाटत नाही. बैलगाड्या आणि ट्रक चढू शकतील अशा बेताने ते बांधलेले असल्यामुळे उंची लांब अंतरावर वाटली जाते. बोरघाटाची सरासरी चढण चार-पाच टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर चार-पाच मीटर वर. पारसिक किंवा खारघर न थांबता तीनदा चढता आला, की बोरघाटाला लागणारी ताकद तुमच्याकडे आली असं समजा.

चौथी पायरी: मोठी राइड निवडणं

*बोरघाट.* महाराष्ट्रातल्या सायकलिंगचं हे जुनं मैदान. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. वाशीहून खोपोली साधारण ६० किलोमीटर. पाम बीचने बेलापूर, खारघरच्या आतल्या रस्त्यांनी कळंबोली, मग पनवेल आणि पळस्पे फाटा. कळंबोलीला पोलाद बाजारामुळे ट्रेलर असतात, तिथून लवकर निघा. पळस्प्याला उजवीकडे गोव्याचा रस्ता फुटतो, आपण जुन्या पुणे रस्त्याने सरळ चौकच्या दिशेने. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे आणि शेडुंगजवळ त्याकडे नेणारे फाटे आहेत, तेव्हा फलक नीट वाचा. चौकच्या आसपास प्रबळगड आणि इर्शाळगड डावीकडे उभे असतात. हिवाळ्याच्या सकाळी इथे पाच मिनिटं थांबायलाच हवं.

खोपोलीत नाश्ता हलका करा, पाणी पूर्ण भरा. गाव संपता संपता चढ लागतो आणि काही वळणांवर शिंग्रोबाचं देऊळ येतं. इंग्रजांना घाटातून वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची कथा सांगतात. ट्रकवाले आजही इथे नाणं टाकून पुढे जातात. पहिल्या खेपेला इथूनच मागे फिरा, असा माझा आग्रह आहे. कारण याच्या वर जुना रस्ता काही अंतर द्रुतगती मार्गाच्या वाहतुकीत मिसळतो. तो टप्पा एकामागे एक, डाव्या कडेने, न थांबता आणि न बोलता पार करायचा असतो. पहिल्यांदा जाताना माहीतगाराशिवाय जाऊ नये. खंडाळा-लोणावळ्याची उंची सव्वासहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे वर हवा तीन-चार अंशांनी थंड लागते. घामेजलेल्या अंगाने उतार सुरू करण्याआधी पातळ विंडचीटर चढवा. परतीची ताकद उरली नसेल तर खोपोलीहून कर्जतमार्गे लोकल आहे.

*कसारा घाट.* ठाणेकरांसाठी सरळ नाशिक महामार्ग. इगतपुरी ठाण्याहून शंभर किलोमीटरच्या जवळपास, तेव्हा जाऊन-येऊन एका दिवसात करायचा हट्ट नको. भिवंडी बायपास ते वडपे हा टप्पा वाहतूक आणि रस्त्याच्या कामांमुळे सर्वांत त्रासाचा, तो उजाडतानाच मागे टाका. पुढे आसनगावला माहुलीचे सुळके दिसायला लागले की रस्ता मोकळा होतो. फोनवरचा नकाशा कधी कधी आमणेहून समृद्धी महामार्ग सुचवतो. तिथे सायकलला मज्जाव आहे. घाट संपताना घाटनदेवीचं मंदिर लागतं, आणि परतीला घाटाखालच्या कसारा स्थानकावरून मुंबईकडे लोकल मिळते. मालडब्यातून सायकल नेण्यासाठी तिकीट खिडकीवर लगेजची पावती घ्या. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत नेऊ नका, डबेवाल्यांची आणि भाजीवाल्यांची ती कामाची वेळ असते.

*नेरळ ते दस्तुरी नाका.* माथेरानच्या वाहनतळापर्यंतचा हा चढ आपल्या भागातला सर्वांत कठीण. सातेक किलोमीटरांत साडेसहाशे मीटरच्या वर चढायचं. टॅक्सी वळणांवर कडेकडेने येतात. उतरताना ब्रेक इतके तापतात की मध्ये दोनदा थांबणं भाग आहे. बोरघाट दोन-तीनदा झाल्याशिवाय इकडे वळू नये.

*बारवी धरण.* बदलापूरहून बारवी आणि पुढे मुरबाड. कुणी फारसं बोलत नाही अशी ही वाट माझी सर्वांत आवडती. एमआयडीसीच्या या धरणाच्या बाजूने रस्ता जंगलातून खालीवर होत जातो, वाहनं तुरळक. घाटाचं दडपण असलेल्याने आधी इथे दोन रविवार घालवावेत. मुरबाडवरून पुढे टोकावडे, मोरोशी आणि मग माळशेज. माळशेजचा घाट भव्य आहे, पण पावसाळ्यात दरडी आणि गर्दी या दोन्हींमुळे तो टाळावा, नोव्हेंबरनंतर जावं.

*अलिबागचा फेरा.* पहिल्यांदा शंभर किलोमीटर करायचे असतील तर मी हाच फेरा सुचवते. रविवारी पहाटे बेलापूरहून पनवेल, पळस्पे, मग कर्नाळ्याची खिंड. अभयारण्याच्या झाडीत चढ केव्हा संपला ते कळत नाही, आणि मागे वळून बघितलं की कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. खारपाड्याला पाताळगंगेवरचा पूल, पेण, वडखळ. इथून अलिबागचा रस्ता अरुंद होतो आणि सकाळी नऊनंतर सहलीच्या मोटारींनी भरतो, त्याच्या आत पोयनाड आणि कार्ले खिंड ओलांडून जा. अलिबागहून किहीम, चोंढी करत मांडवा साधारण २० किलोमीटर, दोन्ही बाजूंना वाड्या आणि सावली.

परत सायकलनेच यायचं कारण नाही. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल नेता येते. धक्क्यावरून ठाण्याला पूर्व मुक्त मार्गाने जाता येत नाही, तिथे सायकल चालत नाही. डॉकयार्ड रोड स्थानक जवळ आहे. दुसरी वाट रेवसहून करंजाला लाँचने. धरमतरची खाडी लाँच थोड्या वेळात पार करते आणि तुम्ही उरण तालुक्यात उतरता. रेवसला गाळामुळे ओहोटीत फेऱ्या अडतात, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. करंजाहून पुढचा रस्ता बंदराच्या ट्रेलरांचा आहे, तो रविवारीच बरा. अटल सेतूवर सायकल नेता येत नाही हेही इथेच सांगून ठेवते.

पाचवी पायरी: उतार

अपघात चढताना क्वचित होतात. उतरताना हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवा, तिथून ब्रेकवर पकड घट्ट बसते. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीला घासणारे ब्रेक, असतील तर सतत दाबून न ठेवता दाबा-सोडा करा, नाहीतर रिम तापून ट्यूब फुटू शकते. ट्रक घाटात लहान गिअरवर सावकाश उतरतात आणि त्यांच्या डाव्या बाजूने घुसण्याचा मोह होतो. ती बाजू चालकाला दिसत नाही. ट्रकच्या मागे अंतर ठेवून राहा, चार मिनिटं गेली तरी चालतील. पुलांचे सांधे नेहमी काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर चाक अडकतं.

सहावी पायरी: पाणी आणि खाणं

कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि आपण किती गमावतोय ते कळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, दोनपैकी एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. तहान लागण्याची वाट बघू नका, दर पंधरा मिनिटांनी घोट घ्या. दीड तासाच्या वरच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. म्हणजे एक मोठं केळं आणि दोन-तीन खजूर, किंवा राजगिऱ्याची चिक्की. वडापाव, मिसळ जरूर खा, पण घाट उतरल्यावर. चढाआधी तळलेलं पोटात राहिलं की दोन वळणांतच त्रास सुरू होतो. बायकांना या रस्त्यांवर स्वच्छतागृहाची अडचण येते. मोठे पेट्रोल पंप आधीच नकाशावर खुणा करून ठेवा आणि थांबे तिथेच घ्या, म्हणजे पाणी कमी पिण्याची चुकीची सवय लागत नाही.

सातवी पायरी: गट आणि क्लब

आपल्याकडचे बहुतेक गट व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात आणि सकाळी ठरलेल्या ठिकाणी भेटतात: ठाण्यात उपवन, तलावपाळी, नवी मुंबईत पाम बीचची दोन टोकं, खारघरचा उत्सव चौक. सामील होण्याची सोपी रीत म्हणजे रविवारी उजाडताना तिथे जाऊन विचारणं, किंवा सायकल दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करणं. दुकानदाराला कोणता गट कसा चालवतो ते नेमकं ठाऊक असतं.

सामील होण्याआधी हे प्रश्न विचारा. सर्वांत मागच्याबरोबर राहणारा कुणी ठरलेला असतो का? पुन्हा एकत्र जमण्याच्या जागा आधी सांगतात का? हेल्मेट सक्तीचं आहे का? कुणाचं पंक्चर झालं तर किती जण थांबतात? सरासरी वेग किती? वेगाचं उत्तर सर्वांत कमी महत्त्वाचं. जो गट शेवटच्या माणसासाठी थांबतो त्यात पन्नाशीचे काका आणि कॉलेजची मुलगी दोघं टिकतात. जिथे मागे राहिलेल्याला ‘पुढच्या वेळी तयारी करून या’ असं ऐकावं लागतं, तो गट सोडा.

गटात चालवताना पुढचा ओरडून सांगतो: खड्डा, गतिरोधक, मागून गाडी, थांबतोय. ते प्रत्येकाने मागे पोचवायचं. हाताने खड्ड्याकडे बोट दाखवायचं, अचानक ब्रेक मारायचा नाही. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला आपलं चाक कडेने चिकटू द्यायचं नाही, गटातले बहुतेक अपघात तिथे होतात. महामार्गावर एकेरी रांग. खिशात ओळखपत्र, रक्तगट आणि घरच्यांचा क्रमांक. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

लांब पल्ल्याची ओढ लागली तर बीआरएमकडे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडकडे, वळा. १९०४ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार या राइड होतात. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्स त्या चालवते आणि आपल्या भागात मुंबई रँडोनिअर्स त्या आयोजित करतात. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या वेळेत अंतर पुरं करायचं आणि वाटेतल्या नियंत्रण केंद्रांवर कार्डावर नोंद घ्यायची. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. चारही एकाच हंगामात पूर्ण केले की ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर. बाहेरची मदत फक्त नियंत्रण केंद्रांवर घेता येते, त्यामुळे पंक्चर काढणं, चेन जोडणं स्वतःला यायला हवं. हेल्मेट आणि चकाकणारं जॅकेट सक्तीचं, रात्रीसाठी पुढे-मागे दिवे.

पहिली २०० ची बीआरएम डिसेंबर किंवा जानेवारीतली धरा. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्चनंतर पहिला प्रयत्न नको. त्याआधी अलिबागचा फेरा एकदा आणि शिंग्रोबापर्यंतचा बोरघाट दोनदा झालेला असावा. राइडच्या चार दिवस आधी सायकल दुरुस्तीला टाका, आदल्या दिवशी नव्हे. नवीन खोगीर, नवीन बूट किंवा नवीन टायर पहिल्यांदा त्या दिवशी वापरू नका, किमान ५० किलोमीटर आधी चालवून बघा.